रिकाम्या पाकिटाचं बक्षीस

1967 साली अमेरिकेतल्या काही वाचकांच्या घरी पोस्टानं एक छापील पाकीट येऊ लागलं. पाठवणारी कंपनी मार्व्हल कॉमिक्स. पाकिटावर वाचकाचं अभिनंदन केलेलं असे, आणि तुम्ही जिंकलेलं मार्व्हलचं अस्सल ‘नो-प्राइज’ आत आहे, असंही बजावलेलं असे. पाकीट फोडलं की आत काहीच नसे. चिठ्ठी नाही, चित्र नाही, बिल्ला नाही. काही भाबड्या वाचकांनी कंपनीला उलट टपाली विचारलं, की पाकीट रिकामंच आलं, आतली वस्तू गेली कुठे?

ज्यांना हा प्रकार ठाऊक होता त्यांच्यासाठी मात्र ते रिकामं पाकीट मानाचं होतं, कारण ते सहजी मिळत नसे. अंक दोन-चारदा वाचायचा, जुने अंक काढून ताडून पाहायचे, लेखकाच्या किंवा चित्रकाराच्या हातून निसटलेली चूक नेमक्या चौकटीत पकडायची आणि ती मुद्देसूद लिहून संपादकाला कळवायची. एवढं केल्यावर पत्रांच्या पानावर नाव छापून यायचं आणि हे पाकीट मिळायचं.

चित्रकथेतल्या चुका काढणं हा वरवर पाहता रिकामपणचा उद्योग वाटेल. त्याचा इतिहास पाहिला की मत बदलतं. सुपरहिरोंच्या ज्या सलग, एकमेकांत गुंतलेल्या विश्वावर आज चित्रपटांचा डोलारा उभा आहे, ते विश्व सलग राहिलं यात या चुका काढणाऱ्यांचा वाटा फार मोठा आहे.

खोड मुळात कॉमिक्सहूनही जुनी. शेरलॉक होम्सच्या सोबत्याला, डॉ. वॉटसनला, अफगाणिस्तानात लागलेली गोळी ‘अ स्टडी इन स्कार्लेट’मध्ये खांद्यात आहे, तर ‘द साइन ऑफ फोर’मध्ये पायात. त्याचं नाव जॉन. एका कथेत त्याची बायकोच त्याला जेम्स म्हणते. 1911 साली ऑक्सफर्डमध्ये रोनाल्ड नॉक्स यांनी एक निबंध वाचला आणि धर्मग्रंथांची चिकित्सा करावी तशी होम्सच्या कथांची चिकित्सा केली. लेखक चुकला असं म्हणून मोकळं न होता, दोन्ही विधानं खरी धरून त्यांचा मेळ कसा घालायचा, असा खेळ त्यातून सुरू झाला. पुढे कॉमिक्सच्या वाचकांनी नेमका हाच खेळ उचलला.

अमेरिकन कॉमिक्समध्ये त्याला हक्काची जागा मिळाली ती वाचकांच्या पत्रांमुळे. 1958 साली ‘सुपरमॅन’च्या अंकात ‘मेट्रोपोलिस मेलबॅग’ हे पत्रांचं पान सुरू झालं. संपादक होते मॉर्ट वाइसिंगर. वाचक बहुतेक शाळकरी मुलं. ती सुपरमॅनच्या कथांतल्या चुका शोधून पाठवत; त्या चुकांना पत्रांच्या पानावर ‘बू-बू’ म्हणत. ‘सुपरमॅन’ काढणाऱ्या डीसी कंपनीतलेच दुसरे संपादक ज्युलियस श्वॉर्ट्झ चांगल्या पत्रांना कथेची मूळ संहिता किंवा मूळ चित्रांची पानं बक्षीस म्हणून पाठवत. 1961 च्या सुमारास त्यांनी आणखी एक साधी गोष्ट केली. पत्राखाली वाचकाचा पूर्ण पत्ता छापायला सुरुवात केली. एका गावातल्या वाचकाला दुसऱ्या गावातल्या वाचकाचा पत्ता मिळाला, पत्रव्यवहार सुरू झाला, सायक्लोस्टाइल केलेली हौशी मासिकं निघाली. एकेकट्यानं चुका मोजत बसलेल्यांचा पाहता पाहता गोतावळा झाला.

पण चुका मुळात एवढ्या होत का होत्या?

कारण साधं होतं. कॉमिक्सचा अंक दहा-बारा सेंटला मिळे, महिनाभर स्टॉलवर राही आणि मग रद्दीत जाई. मागच्या अंकात काय होतं हे दोन वर्षांनी कुणी ताडून पाहील, अशी संपादकांची कल्पनाच नव्हती. त्यात मार्व्हलची कामाची पद्धत वेगळी. संपादक आणि लेखक स्टॅन ली एकाच वेळी अनेक मालिका लिहीत. पूर्ण संहिता लिहायला सवड नसल्यानं ते जॅक कर्बी किंवा स्टीव्ह डिट्कोला कथेचा गोषवारा सांगत. चित्रकार त्यावरून सगळी पानं काढून आणे. ती चित्रं समोर ठेवून ली संवाद लिहीत. मग अक्षरं काढणारा फुगे भरे, शाईवाला रेषा पक्क्या करे, रंगारी रंग सुचवे. एवढ्या हातांतून पान जाताना कुणाचं तरी काहीतरी निसटणारच. चित्रकाराच्या मनात एक प्रसंग असे, संवादात दुसराच उतरे.

‘अमेझिंग स्पायडर-मॅन’चा मार्च 1963 चा पहिलाच अंक घ्या. स्पायडर-मॅनचं खरं नाव पीटर पार्कर. त्या अंकातल्या एका कथेत तो चक्क पीटर पामर झाला आहे, तेही एकदा नव्हे, पुन्हापुन्हा. नायकाचं नाव त्याच्याच मालिकेच्या पहिल्या अंकात चुकलं! स्टॅन ली यांचा स्मरणशक्तीवर फारसा भरवसा नव्हता. म्हणूनच ते पात्रांच्या नावा-आडनावात अनुप्रास साधत: पीटर पार्कर, ब्रूस बॅनर, रीड रिचर्ड्स, स्यू स्टॉर्म. एक शब्द आठवला की दुसऱ्याचं निदान पहिलं अक्षर तरी आठवावं, हा हेतू. पार्करचा पामर झाला तो याच सोयीतून. अक्षर बरोबर, आडनाव चूक.

पुढच्या वर्षी तसंच पुन्हा घडलं. हल्क ज्या शास्त्रज्ञाच्या अंगातून बाहेर येतो त्याचं नाव ब्रूस बॅनर. 1964 च्या ‘फँटॅस्टिक फोर’च्या पंचविसाव्या अंकात ली यांनी त्याला पानोपानी बॉब बॅनर म्हटलं. वाचकांची पत्रं आली. काही महिन्यांनी त्याच मालिकेच्या पत्रांच्या पानावर ली यांनी चूक कबूल केली आणि तोडही काढली: यापुढे त्याचं पूर्ण नाव रॉबर्ट ब्रूस बॅनर. आज हल्कवरच्या प्रत्येक परिचयात हे पूर्ण नाव अधिकृत म्हणून येतं. ते जन्मलं एका विसरण्यातून आणि टिकलं वाचकांच्या पत्रांमुळे.

‘नो-प्राइज’ची कल्पना याच काळातली. इतर प्रकाशक चूक दाखवणाऱ्याला काहीबाही बक्षीस देत. 1964 साली ली यांनी ‘फँटॅस्टिक फोर’मध्ये वाचकांसाठी एक स्पर्धा ठेवली आणि सांगितलं, की बक्षीस काहीच नाही, म्हणजे हरणाराही कुणी नाही. तिथून हा शब्द रुळला. आधी फक्त पत्राखाली जाहीर व्हायचं, की या वाचकाला ‘नो-प्राइज’ मिळालं. मग रिकामी पाकिटं आली. हळूहळू बक्षिसाचा खरा नियम घडला आणि त्या नियमानं छंदाचा दर्जाच बदलला. नुसती चूक दाखवून भागेना. ती चूक चूक का नाही, हेही वाचकानं सांगायचं.

समजा, एका चौकटीत नायकाचा डावा हातमोजा फाटलेला आहे आणि पुढच्याच चौकटीत तो धड आहे. पहिल्या प्रकारचा वाचक लिहील: चित्रकार विसरला. दुसरा वाचक मागची सहा पानं पुन्हा वाचेल, दोन चौकटींच्या मध्ये किती वेळ गेला असेल ते पाहील, नायकाच्या पट्ट्यात काय काय असतं ते जुन्या अंकांतून शोधेल आणि कथेच्याच नियमांत बसणारं कारण मांडेल. पहिल्यानं नजर वापरली, दुसऱ्यानं लेखकाचं काम केलं. कथाविश्वाचे नियम पाळून गोष्ट रचणं म्हणजे काय, याची ही शिकवणीच होती.

त्या शिकवणीतून बाहेर पडलेला एक जण म्हणजे रॉय टॉमस. मिसुरी राज्यातल्या शाळेत इंग्रजी शिकवणारा तरुण, कॉमिक्सच्या संपादकांना सतत पत्रं लिहिणारा. डेट्रॉइटच्या जेरी बेल्स यांनी 1961 साली ‘ऑल्टर इगो’ हे हौशी मासिक काढलं, त्यात टॉमस पहिल्यापासून होता. 1965 साली तो वाइसिंगर यांच्या हाताखाली काम करायला न्यूयॉर्कला गेला आणि थोड्याच दिवसांत मार्व्हलमध्ये स्टॅन लींकडे आला. 1972 साली ली यांच्या जागी तो मुख्य संपादक झाला. काल पत्रांच्या पानावर चुका दाखवणारा वाचक आज त्याच पानाच्या दुसऱ्या बाजूला बसला.

त्याच वर्षी एका जुन्या, अवघड चुकीची सोडवणूक झाली. कॅप्टन अमेरिका हे पात्र 1941 सालचं. 1964 मध्ये ‘अ‍ॅव्हेंजर्स’च्या चौथ्या अंकात तो बर्फात गोठलेला सापडतो आणि कळतं, की दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटापासून तो तिथंच निपचित होता. वाचकांना आठवत होतं ते वेगळंच. 1950 च्या दशकात याच कंपनीनं कॅप्टन अमेरिकाचे नवे अंक काढले होते आणि त्यांत तो कम्युनिस्टांशी लढत होता. जो माणूस बर्फात होता तो लढत कसा होता? संपादकांना ते जुने अंक विसरून जाणं सोयीचं झालं असतं. टॉमसनं लेखक स्टीव्ह एंगलहार्टला हीच गाठ सोडवायला सुचवलं.

एंगलहार्टचं उत्तर असं: 1950 च्या दशकातला कॅप्टन अमेरिका दुसराच माणूस होता. मूळ नायकाचा भक्त. त्यानं शस्त्रक्रिया करून चेहरा तसा करून घेतला, नाव तेच घेतलं, अपुरं औषध टोचून ताकद मिळवली आणि त्या औषधानं त्याचं डोकं फिरलं. ज्याच्या त्याच्यात त्याला देशद्रोही दिसू लागला. 1972 च्या अंकांत मूळ नायक या नकली नायकासमोर उभा राहतो. व्हिएतनाम युद्धाच्या दिवसांत अमेरिकन वाचकासमोर देशप्रेमाचे दोन चेहरे एकाच पोशाखात आले. एका विसंगतीतून निघालेली ही कथा त्या मालिकेतल्या सर्वोत्तम कथांपैकी एक आहे.

हल्कच्या रंगाचंही तसंच. मे 1962 च्या पहिल्या अंकात हल्क करडा आहे. ली यांनी तो रंग मुद्दाम निवडला होता. पण तेव्हाच्या छपाईत करडा रंग नीट उठेना, चौकटीगणिक छटा बदलू लागली. दुसऱ्या अंकापासून हल्क हिरवा झाला, आणि जुनी कथा पुन्हा छापतानाही त्याला हिरवाच रंगवला जाऊ लागला. 1986 साली करडा हल्क कथेत परतला आणि पुढे पीटर डेव्हिड या लेखकानं त्या दोन रंगांना अर्थ दिला: लहानपणी बापाच्या माराखाली मोडलेल्या बॅनरच्या मनाचे ते दोन वेगळे तुकडे आहेत, करडा कावेबाज आणि हिरवा लहान मुलासारखा रागीट. छापखान्यातल्या शाईच्या अडचणीला पंचवीसेक वर्षांनी मानसशास्त्र मिळालं. अशा मागाहून केलेल्या दुरुस्तीला आज इंग्रजीत ‘रेटकॉन’ म्हणतात. ज्या मूळ शब्दप्रयोगाचं हे लघुरूप, तो 1983 साली छापून आला पुन्हा पत्रांच्या पानावरच, आणि लिहिणारा पुन्हा रॉय टॉमसच.

डीसी कंपनीनं वेगळा मार्ग धरला. त्यांच्याकडे 1940 च्या दशकातला एक फ्लॅश होता, जे गॅरिक. 1956 साली दुसरा आला, बॅरी अ‍ॅलन. नवा फ्लॅश लहानपणी जुन्या फ्लॅशची कॉमिक्स वाचायचा, असं दाखवलं होतं. म्हणजे जुना काल्पनिक झाला. सप्टेंबर 1961 च्या ‘द फ्लॅश’च्या 123 व्या अंकात गार्डनर फॉक्स आणि कार्माइन इन्फँटिनो यांनी दोघांची भेट घडवली. पृथ्व्याच दोन आहेत, हे उत्तर. उत्तर सुरेख होतं, पण ते प्रत्येक विसंगतीला लागू पडू लागलं. पृथ्व्या वाढत गेल्या. वीस वर्षांत कोणता नायक कोणत्या पृथ्वीवरचा, हे नव्या वाचकाला कळेनासं झालं.

मग एक पत्र आलं. ‘ग्रीन लँटर्न’चं संपादन तेव्हा मार्व्ह वुल्फमन करत. वाचकानं विचारलं होतं, की अमुक पात्र या अंकात ग्रीन लँटर्नला ओळखत का नाही? तीनच वर्षांपूर्वी दोघांनी एकत्र काम केलं आहे. वुल्फमन यांनी छापील उत्तरात सांगितलं, की एक दिवस आम्ही हे सगळं निस्तरू. पुढे पीटर सँडरसन यांना डीसीच्या संग्रहातले अंक वाचून नोंदी काढायच्या कामाला लावलं. त्यातून 1985-86 मध्ये ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ ही 12 अंकांची मालिका निघाली. लेखन वुल्फमन यांचं, चित्रं जॉर्ज पेरेझ यांची. साऱ्या पृथ्व्या मिळून एक झाली. त्या संहारात सुपरगर्ल गेली, बॅरी अ‍ॅलन गेला. एका पत्रातल्या प्रश्नानं अर्ध्या शतकाच्या कथांची नव्यानं मांडणी झाली. ती मांडणीही पूर्ण निर्दोष नव्हती. 1994 साली ‘झीरो अवर’ काढून तिच्यातल्या गाठी सोडवाव्या लागल्या.

युरोपात चुकांची यादी वाचकांनी नव्हे, प्रकाशकानं केली. टिनटिनच्या ‘द ब्लॅक आयलंड’ची कथा ब्रिटनमध्ये घडते. टिनटिनचे लेखक-चित्रकार एर्जे यांनी ती 1937-38 मध्ये बेल्जियममध्ये बसून काढली होती. इंग्रजी आवृत्ती काढायची ठरली तेव्हा लंडनच्या मेथ्युएन या प्रकाशनसंस्थेनं ब्रिटनच्या चित्रणातल्या तब्बल 131 चुका काढून दिल्या. एर्जे यांनी तो कागद मनावर घेतला. 1961 साली आपला सहकारी बॉब द मोर याला ब्रिटनला पाठवलं. त्यानं आगगाड्या, गणवेश, रस्ते, किनारे पाहून रेखाटनं आणली आणि अख्खं पुस्तक नव्यानं काढलं गेलं; ते 1966 साली प्रसिद्ध झालं. तरी एर्जे यांच्याच हातून नवी विसंगतीही आली. ‘सिगार्स ऑफ द फेरो’च्या 1955 च्या रंगीत आवृत्तीत वाळवंटातला एक शेख टिनटिनला त्याच्या पराक्रमाचं पुस्तक दाखवतो. ते पुस्तक आहे ‘डेस्टिनेशन मून’. त्या चांद्रमोहिमेतल्या कॅप्टन हॅडॉकला टिनटिन त्या क्षणी अजून भेटलेलाही नाही.

मराठी वाचकाला या विषयाची ओळख वेगळ्या दारानं झाली. टाइम्स ऑफ इंडियानं 1964 साली मुंबईहून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केली. ली फॉक यांचा फँटम मराठीत वेताळ झाला आणि घराघरांत पोचला. त्याचा देश मूळ मालिकेत बंगालशी नावसाधर्म्य असलेला होता. भारतात तो ‘डेंकाली’ झाला. मूळचे ‘सिंग’ चाचे इथे ‘सिंगा’ झाले. भारतीय वाचकाला खटकू नयेत म्हणून नावं बदलली. पण मूळ मालिकेतली खरी गाठ त्याहून खोल आहे. 17 फेब्रुवारी 1936 ला फँटम सुरू झाला तेव्हा जिमी वेल्स नावाचा श्रीमंत, ऐषआरामी तरुणच मुखवट्यामागचा माणूस निघणार, अशी फॉक यांची योजना होती. तसे धागेही त्यांनी पहिल्या कथेत पेरले होते. कथा चालू असतानाच त्यांचं मत बदललं, नायक जंगलात गेला, पिढीजात वारसदार ठरला आणि जिमी वेल्सचे धागे लोंबकळत राहिले. सुरुवातीच्या कथांमधलं आशियाई भासणारं ते जंगलही पुढे आफ्रिकेत गेलं. वेताळाच्या अरण्यात वाघही आहेत आणि सिंहही, हे ज्या मुलांना तेव्हा खटकलं त्यांची नजर बरोबर होती.

‘नो-प्राइज’चं पुढे काय झालं? ली बाजूला झाल्यावर प्रत्येक संपादकाचा नियम वेगळा. कुणी फक्त कथेला खरोखर अडचणीत आणणाऱ्या चुकीचा उलगडा मागे, कुणी उत्तम प्रश्नालाही देई. पत्रांचा ओघ हातमोजे आणि बटणांच्या चुकांनी भरून वाहू लागला. कथेविषयी बोलणारी पत्रं कमी झाली. ही तक्रार 1986 साली ज्यानं उघड मांडली तो मार्क ग्रूनवाल्ड स्वतःच या परंपरेतला अव्वल माणूस होता.

ग्रूनवाल्डचा जन्म 1953 चा. 1977 मध्ये त्यानं ‘ऑम्निव्हर्स’ हे हौशी मासिक काढलं आणि ते संपूर्णपणे कथाविश्वाच्या सुसंगतीला वाहिलं. कोणती घटना कोणत्या विश्वातली, काळाचे नियम काय, दोन कथा भांडल्या तर कोणती खरी, असे त्याचे विषय. ते वाचून 1978 साली मार्व्हलनं त्याला नोकरी दिली. 1983 पासून निघालेलं ‘ऑफिशियल हँडबुक ऑफ द मार्व्हल युनिव्हर्स’ त्यानं उभं केलं: प्रत्येक पात्राचं खरं नाव, जन्मस्थान, उंची, वजन, ताकद, पहिला अंक, सगळं अकारविल्हे. स्टॅन लींना पीटरचं आडनाव आठवत नसे तिथपासून वीस वर्षांत कंपनी इथवर आली होती. मधे बंद पडलेलं ‘नो-प्राइज’ 1991 साली वेगळ्या रूपात पुन्हा सुरू झालं आणि 2006 साली त्याचं पाकीट कागद सोडून संगणकाच्या पडद्यावर आलं.

ग्रूनवाल्ड 12 ऑगस्ट 1996 ला हृदयविकारानं गेला. वय 43. त्याची स्वतःची सर्वांत आवडती निर्मिती होती ‘स्क्वॉड्रन सुप्रीम’ ही 12 अंकांची मालिका. तिचं पुस्तक 1997 साली निघालं, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा छपाईच्या शाईत मिसळण्यात आली. त्या पहिल्या आवृत्तीच्या प्रती आजही वाचकांच्या कपाटांत आहेत.